वांग आणि घरगुती उपाय : काय काय लावून पाहिलंत?

मैत्रेयी_नाशिक: माळा आवरताना सासूबाईंची सहाण सापडली आणि ते जायफळाचे दिवस आठवले. धाकट्याच्या वेळी पोटुशी असताना दोन्ही गालांवर वांग, म्हणजे ते काळपट डाग, आले, वरच्या ओठावर तर मिशीच. सासूबाई दुधात जायफळ उगाळून द्यायच्या, मी लेप थापून पोळ्या लाटायला बसायचे, वाळून खपल्या परातीत पडायच्या. बाळंतपणानंतर जातील म्हणाले सगळे. बाळ आता दहावीला आहे, वांग आहेतच. थोडे फिके झालेत पण ते जायफळाने की भर दुपारी गच्चीत जाणं बंद केलं म्हणून, देव जाणे. तुमचंही सांगा

साधी_सुमन: बटाट्याचा रस, मसुराचं पीठ नि साय, टोमॅटो, कच्चं दूध. नवरा म्हणे यातलं थोडं ताटातही वाढ 😄

रानवारा: पुरुषांनाही होतात हो. माझं साइटवरचं काम, दिवसभर ऊन. आईने रक्तचंदन लावून बसवलं नि नेमका कुरिअरवाला आला, बिचारा दोन पावलं मागे सरकला. डॉक्टरांनी रुंद काठाची टोपी आणि सनस्क्रीन सांगितलं, तेही सकाळी एकदा फासून मोकळं नाही, दर दोन-तीन तासांनी. इथेच गाडी अडते, सिमेंटच्या हातांनी कुठे लावत बसू

पमाताई: लिंबू नका लावू गं पोरींनो!! भाचीने लिंबू-मध लावला, धुतला न धुतला नि उन्हात पापड घालायला गेली. आधी लाल, मग काळे चट्टे, वांग परवडले. लिंबाच्या रसावर ऊन पडलं की कातडी भाजते म्हणे

साधी_सुमन: अगंबाई. आणि आम्ही कोपरांना चोळतो ते?

पमाताई: कोपरं घेऊन उन्हात बसतेस का 😂

औषधवाला: दुकानात रोज बघतो म्हणून लिहितो. पार्लरमधून नाव लिहून आणतात त्या क्रीममध्ये बरेचदा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग महिनोन्महिने तेच लावलं की कातडी पातळ, लालबुंद, पुरळ, लव वाढते, आणि बंद केलं की वांग परत. २०१८ मध्ये अशी स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. नाही म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात. गरोदर बाईने तर हे लावूच नये, त्यापेक्षा जायफळ बरं

रेवा: मला गोळ्या चालू होत्या (पाळणा लांबवायच्या) तेव्हा आले, डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला. मग रंगाचं सनस्क्रीन दिलं, त्यात आयर्न ऑक्साइड असतं, साधं सनस्क्रीन डोळ्यांना दिसणारा उजेड अडवत नाही म्हणाल्या. महाग आहे पण फरक पडला बाई. लग्नकार्यात मात्र अजून कुणीतरी हनुवटी धरून विचारतंच, लिव्हर तपासलंस का

मैत्रेयी_नाशिक: हो!! आणि "उष्णता वाढलीय, सब्जा खा"

रानवारा: सहाण पुण्यात कुठे मिळेल? आईची तडकली

पमाताई: तुळशीबागेत बघ, पूजेच्या सामानाच्या दुकानात. जड बघून घे, हलकी सरकते

साधी_सुमन: मैत्रेयी, उरलेलं जायफळ श्रीखंडात घाल, पाडवा आलाच. चक्का घरी बांधतेस की विकतचा?

मैत्रेयी_नाशिक: घरीच, रात्री टांगते. जायफळ फार नाही हं, मागच्या वेळी जेवून सगळे पाचपर्यंत घोरत होते