सिसिली टायसन: तुमच्या आठवणी लिहा

२०२१ च्या जानेवारीत अमेरिकेतली कृष्णवर्णीय नटी सिसिली टायसन गेली, ९६ वर्षांची होऊन. आत्मचरित्र दोनच दिवस आधी बाजारात आलं होतं. मराठीत तिच्यावर वाचायला फार थोडं मिळतं, म्हणून हा धागा. आईवडील नेव्हिस बेटावरून न्यू यॉर्कला आलेले. आई चर्चच्या बाबतीत इतकी कडक की मुलगी नटी होणार म्हटल्यावर तिला घराबाहेर काढलं. पुढे, कृष्णवर्णीय बाईला माणूस म्हणून न दाखवणारी कामं सिसिलीनं नाकारली आणि त्यापायी नाव झाल्यावरही कितीदा हाताला काम नसे. तिचं काम तुम्ही कुठे पाहिलंत, काय मनात राहिलं, सविस्तर लिहा.

*

आम्ही न्यू जर्सीत राहतो. २०१३ च्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या होत्या, त्यांना घेऊन न्यू यॉर्कला ब्रॉडवेवर ‘द ट्रिप टू बाउंटिफुल’ हे नाटक पाहिलं. ह्यूस्टनमधल्या लहानशा घरात मुलगा-सुनेजवळ राहणारी कॅरी वॉट्स, मरायच्या आधी एकदा आपलं गाव बघायचं म्हणून पळून जाते. भजन गुणगुणली की सून डाफरते. शेजारी सासूबाई बसलेल्या, त्यामुळे सुरुवातीचे प्रवेश मी अवघडूनच पाहिले. सासूबाईंना इंग्रजी बेताचंच समजतं. मध्येच हळू आवाजात म्हणाल्या, “अगं, सोडून या म्हणावं तिला एकदा गावाला.”

मग बसस्टँडच्या प्रवेशात सिसिलीनं भजन सुरू केलं आणि प्रेक्षागृहातल्या कृष्णवर्णीय बायकांनी ते उचललं. आधी दोघीतिघी, मग रांगाच्या रांगा. चर्चमध्ये लहानपणापासून म्हटलेलं, सगळ्यांना तोंडपाठ. तिनं कुणाला थांबवलं नाही आणि भूमिकाही सोडली नाही. बसची वाट बघणारी कॅरी वॉट्सच गात राहिली. सासूबाईंचा हात मांडीवर ठेका धरत होता.

१९८५ चा त्या नाटकावरचा सिनेमा पाहिल्यापासून तिला ही भूमिका हवी होती म्हणे. मिळाली ती ८८ व्या वर्षी, आणि तिच्यासाठी ब्रॉडवेवरच्या नाटकांना दिला जाणारा टोनी पुरस्कारही मिळाला.

*

राज्य नाट्य स्पर्धेत मी बऱ्याचदा म्हाताऱ्या बायकांची कामं करते. एका दिग्दर्शकांनी तालमीआधी मुद्दाम ‘द ऑटोबायोग्राफी ऑफ मिस जेन पिटमन’ हा १९७४ चा टीव्हीपट पाहायला लावला. गुलामगिरीत जन्मलेल्या बाईची, ती ११० वर्षांची होईपर्यंतची गोष्ट. सिसिलीनं तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती. स्टॅन विन्स्टन आणि रिक बेकर यांची रंगभूषा अफाटच आहे, पण नुसत्या रंगभूषेनं म्हातारी उभी राहत नाही हे तिच्याकडे बघून कळतं. शेवटी जेन कोर्टासमोरच्या, फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या नळापर्यंत चालत जाते आणि पाणी पिते. आपण सवयीनं कंबर वाकवतो, आवाज थरथरवतो. इथे सगळं वय पावलांत आहे आणि नजर मात्र नळावरून हलत नाही. महाडचं चवदार तळं ज्यांच्या घरात सांगितलं जातं त्यांना हा प्रवेश समजावून सांगावा लागणार नाही. मी त्या दिवशी तालमीला गेले आणि माझ्या आजीची कंबर सरळ केली.

*

मी अमेरिकेत नर्स आहे. माझी एक कृष्णवर्णीय सहकारी सांगते, १९६३ साली ‘ईस्ट साइड वेस्ट साइड’ या मालिकेत सिसिली आपले मूळचे कुरळे केस आखूड कापून, सरळ न करता पडद्यावर आली, तेव्हा तिच्या आईनंही केस सरळ करायचा गरम कंगवा बाजूला ठेवला. आजीनं त्यावरून आठवडाभर अबोला धरला होता.

*

एक शंका. साचेबंद कामं नाकारली म्हणता, पण ‘द हेल्प’ या सिनेमात ती मोलकरीणच होती ना?

*

वरच्या शंकेबद्दल. मोलकरणीच्या कामाला तिचा विरोध नव्हता. त्या बाईला स्वतःचं घर, राग, माया आहे की ती नुसती गोऱ्यांच्या गोष्टीत ट्रे घेऊन येते, हा प्रश्न होता. ‘साउंडर’ (१९७२) घ्या. मंदीच्या काळातलं लुइझियाना, अर्धेलीनं जमीन कसणारं कुटुंब. पोरांच्या तोंडात घास पडावा म्हणून नवरा मांस चोरतो आणि तुरुंगात जातो. शेत, घर, पोरं सगळं रिबेकावर पडतं. तो सुटून लंगडत येताना दुरून दिसतो आणि ती रस्त्यानं धावत सुटते. त्या धावण्यात एवढ्या दिवसांचा संसार दिसतो. ऑस्करचं नामांकन तिला याच भूमिकेसाठी मिळालं.

या सिनेमाच्या प्रसिद्धीच्या वेळी एक गोरा पत्रकार तिला म्हणाला होता की काळा मुलगा बापाला ‘डॅडी’ म्हणतो हे ऐकून मला विचित्र वाटलं, कारण माझा मुलगा मला तेच म्हणतो. यापुढे कुठलं काम घ्यायचं ते तिनं त्यानंतर पक्कं केलं, असं ती मुलाखतींत सांगायची. ‘द हेल्प’मधली कॉन्स्टँटीनही याच नजरेनं पाहून बघा. आणि ‘साउंडर’ बघितल्यावर इथे पुन्हा लिहा, मला वाचायचं आहे.