सिल्चेस्टरचा रिकामा कोट: एक दिवस द्यावा का?

दांडियाबझारकर
मुलाकडे इंग्लंडात रीडिंगला जातोय. जो तो म्हणतो, रोमन स्नानगृहं बघायला बाथ शहरी जा. मला मात्र रीडिंगहून पंधरा-सोळा किलोमीटरवरचं सिल्चेस्टर बघायचंय, म्हणजे रोमन काळातलं कॅलेव्हा अट्रेबाटम. जवळजवळ अडीच किलोमीटरचा दगडी कोट उभा, आणि आत नुसती शेतं! नोकरी सगळी मोजणी खात्यात गेली, त्यामुळे कोट दिसला की मी आधी आतले रस्ते शोधतो. आपल्या वडोदऱ्यात लहेरीपुरा, पाणीगेट असे दरवाजे उरले, भिंत गेली, पण वस्ती हलली नाही. तिथे उलटं का झालं? आणि 'बघायला काय आहे?' असं सौ. विचारते, तिला काय सांगू?

केनेटकाठी
काका, काकूंना गवत आणि गायी सांगा, म्हणजे फसवणूक नको. कोटाबाहेर पूर्वेला अँफिथिएटर आहे, आत त्याच बाजूला मध्ययुगीन चर्च. बाकी सगळं जमिनीखाली. 1890 ते 1909 मध्ये सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज या पुरातत्त्वाच्या संस्थेने आतला भाग खणला, नकाशा काढला आणि पुन्हा बुजवला. आधी रीडिंग म्युझियम करा. 1866 मध्ये बॅसिलिकात, म्हणजे रोमन सार्वजनिक सभागृहात, सापडलेला ब्राँझचा गरुड तिथे आहे. काकूंना तो आवडेल.

पुरातत्त्व_एमएसयू
कॅलेव्हा हे नाक्याचं गाव. लंडनहून येणारा रस्ता इथे फुटून विंचेस्टरकडे, सिरेन्सेस्टरकडे जायचा. जवळ मोठी नदी नाही. पाचव्या शतकात रोमन अंमल संपला, मग त्या नाक्याला विचारतो कोण? पुढे गाव वाढलं ते थेम्स-केनेटच्या संगमाशी, तुमच्या मुलाच्या रीडिंगला. आपल्या गुजरातचं चांपानेर आठवा: सुलतान महमूद बेगड्याची राजधानी, 1535 मध्ये हुमायूनने घेतली, नंतर ओस पडत गेली. तिथे कारण वेगळं, पण राजधानीपण गेल्यावर नुसत्या कोटाने गाव टिकत नाही.

तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. त्या जुन्या नकाशात दगडी पाये आले, लाकडी घरं निसटली. म्हणून रीडिंग विद्यापीठाने मायकेल फुलफर्ड यांच्या देखरेखीखाली 1997 ते 2014 रस्त्यांमधला एकच चौकोनी भाग, इन्सुला नऊ, पुन्हा खणला. काटकोनी रोमन आखणीखाली त्याआधीच्या वस्तीचे रस्ते निघाले, तेही तिरके.

दांडियाबझारकर
तिरके! म्हणजे जुन्या आखणीवर नवी आखणी बसवली. आमच्याकडे असं झालं की वीस वर्षं कोर्टकज्जे. बाथ रद्द. त्या 1909 पर्यंतच्या नकाशाची मोठी प्रत म्युझियममध्ये लावलेली आहे का? सौ. गरुड बघेल तोवर मी तिथेच उभा राहीन.