नक्कलेसाठी दोनशे रुपये: लाच की नाइलाज?

धागाकर्ता (कसबा बावडा): आमचा बांधाचा दावा निकाली निघाला, विरोधात गेला. अपिलासाठी निकालाची नक्कल हवी, तर कोर्टाच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "चहापाण्याचं बघा." अब्बांनी नकार दिला. चार हेलपाटे झाले. चाचा म्हणतात, हक्काची नक्कल आहे, दोनशे टेकवा, शरियतमध्ये सूट आहे. मला पटत नाही. कुराणातल्या सूरह बकराची 188 वी आयत थेट निवाड्याच्या जागेपर्यंत जाते: एकमेकांचा माल नाहक खाऊ नका, आणि लोकांच्या मालातला हिस्सा गिळायला तो हाकिमांपुढे (निवाडा करणाऱ्यांपुढे) नेऊ नका. पैगंबरसाहेबांनी लानत (शाप) केली ती लाच देणारा आणि घेणारा, दोघांवर.

गंगावेस: भावा, आयत दुसऱ्याचा माल गिळण्याबद्दल आहे. नक्कल तुमचीच आहे. पुष्कळ फकीह (शरियतचे जाणकार) सांगतात की आपला हक्क मिळवायला किंवा जुलूम टाळायला दुसरी वाटच नसेल, तर पाप घेणाऱ्याच्या माथी, देणाऱ्याच्या नाही. हेलपाट्यात दिवसाचा रोजगार बुडतो, तो कोण भरून देणार?

धागाकर्ता: "दुसरी वाटच नसेल" ही अट तुम्ही पटकन ओलांडली. वरच्या अधिकाऱ्याकडे लेखी तक्रारसुद्धा मी अजून केलेली नाही. आणि दोनशे दिले की माझा कागद वर येतो, गगनबावड्याहून एसटीनं आलेल्या म्हातारीचा खाली जातो. तिचा हक्क मी खाल्लाच की.

पंचगंगा: काम झाल्यावर खुशीनं पेढे दिले तर? त्यात लाच कुठली?

धागाकर्ता: पैगंबरसाहेबांनी नेमलेले इब्नुल लुतबिया जकात (धर्मानं ठरवलेलं दान) गोळा करून आले आणि म्हणाले, हे तुमचं, हे मला भेट मिळालं. पैगंबरसाहेब मिंबरवरून (मशिदीतल्या प्रवचनाच्या चौथऱ्यावरून) म्हणाले, हा आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर भेट आली असती का? खुर्ची काढून घ्या, मग बघा त्या माणसाकडे किती पेढे येतात.

काळा कोट: वकिली करतो, म्हणून दोन गोष्टी. 1988 चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा 2018 मध्ये बदलला, आता लाच देणाराही गुन्हेगार. जबरदस्तीनं द्यावी लागली तर सात दिवसांत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवलं तरच बचाव. दुसरं महत्त्वाचं: नक्कल मिळायला लागलेला आवश्यक काळ अपिलाच्या मुदतीतून वजा होतो. अर्जाची पावती जपा. "मुदत जाईल" ही भीती दाखवूनच पैसे उकळतात. लाचलुचपत विभागाचा नंबर 1064.

गंगावेस: मुदतीचं माहीत नव्हतं. मग नाइलाज म्हणता येणार नाही, हे मान्य. पण ज्याला कागदाअभावी पोरगं जामिनावर सोडवता येत नाही, त्या बापाला मी गुन्हेगार म्हणणार नाही. फकीहांनी सूट ठेवली ती त्याच्यासाठी.

धागाकर्ता: त्या बापाला मीही म्हणणार नाही. आमचं तसं नाही. अर्जाची पावती सापडली, तक्रार लिहून झाली, सोमवारी अब्बांना घेऊन जातोय.