निसर्गस्नेही राहणीची सुरुवात खरेदीपासून झाली. आता पुढे काय करावे?

प्रश्न : सावकाश

नमस्कार. घरातील कचरा, वीज, पाणी आणि रसायने यांचा वापर कमी करायचा असे वर्षभरापूर्वी मनावर घेतले, आणि उत्साहाच्या भरात सर्वांत आधी जे काम केले ते खरेदीचे. कापडी पिशव्या, बांबूचे ब्रश, काचेच्या बरण्या, 'नैसर्गिक' असे ठळक छापलेली फरशी पुसण्याची द्रावणे आणि ओल्या कचऱ्याचे खत करण्याचे एक पिंप एवढे सगळे एका महिन्यात घरात आले. आज कपाटात अकरा कापडी पिशव्या आहेत आणि त्यांतील नऊंची घडीही मोडलेली नाही. ज्या प्लास्टिकच्या डब्यांच्या जागी बरण्या आणल्या ते धडधाकट होते, आणि ते देऊन टाकताना आपण काही चांगले करत आहोत असे मला मनापासून वाटत होते, हे कबूल करताना आता थोडे ओशाळल्यासारखे होते.

खताच्या पिंपाने तर घरात भांडणच लावले. तीन आठवड्यांत त्याला असह्य दुर्गंधी आली, तळातून काळे पाणी झिरपू लागले आणि झाकण उघडताच चिलटांचा ढग बाहेर पडू लागला. पिंप तरी राहील किंवा आम्ही तरी, असे घरच्यांनी निर्वाणीचे सांगितले आहे. ते पिंप वाचवता येईल का, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा अधिक मोठा आहे: रोजच्या जगण्यातील कोणत्या सवयीचा भार पर्यावरणावर खरोखर पडतो आणि कोणती सवय केवळ डोळ्यांना बरी दिसते, हे सामान्य माणसाने घरबसल्या कसे ओळखावे?

प्रतिसाद १ : पाचोळा

पिंप नक्की वाचेल. त्याचे दुखणे वासावरूनच ओळखता येते. वास अमोनियासारखा, नाकाडोळ्यांना झोंबणारा असेल तर नत्र (नायट्रोजन) जास्त झाले आहे; सडक्या अंड्यांसारखा असेल तर आत हवा पोहोचत नाही. काळे पाणी झिरपते आहे त्यावरून आपल्याकडे हवेचीच अडचण अधिक असावी. कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना एका भाग नत्रामागे साधारण २५ ते ३० भाग कर्ब (कार्बन) मिळाला की त्यांचे काम सुरळीत चालते. भाज्यांची देठे आणि फळांच्या साली यांत हे प्रमाण १५ ते २० च्या आसपास असते, वाळलेल्या पानांत ४० ते ८०, आणि लाकडाच्या भुशात तर काही शे. नुसता ओला कचरा टाकत राहिले की नत्र आणि पाणी दोन्ही वाढतात, ढीग आपल्याच भाराने दबतो, मधल्या पोकळ्या बुजतात आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात.

पिंप पूर्ण रिकामे करून सगळा ऐवज जुन्या ताडपत्रीवर पसरावा आणि अर्धा दिवस त्याला वारा लागू द्यावा. (ही दुपार घरचे बाहेर गेलेले असताना गाठावी, हा अनुभवाचा सल्ला.) तळाशी बोटभर जाडीच्या काटक्यांचा थर द्यावा, म्हणजे खालून हवा खेळते. त्यानंतर ओल्या कचऱ्याच्या एका भांड्यामागे दोन भांडी कोरडा पाचोळा किंवा हाताने फाडलेला, छपाई नसलेला पुठ्ठा घालावा आणि प्रत्येक वेळी वर कोरड्याचे पांघरूण घालावे. चिलटे उघड्या सालींवर अंडी घालतात; साल दिसलीच नाही तर त्यांचा बहुतेक बंदोबस्त आपोआप होतो. ओलावा तपासण्यासाठी मिश्रण मुठीत घेऊन घट्ट पिळावे. तळहात ओलसर व्हावा, फार तर एखाददुसरा थेंब पडावा. धार लागली तर पाचोळा कमी पडला असे समजावे. आठवड्यातून एकदा खालीवर केले की पुरे.

एक गैरसमज आधीच दूर करतो. खताचा ढीग ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो असे वाचायला मिळते, पण ते साधारण घनमीटरभर आकाराच्या ढिगाचे वर्णन आहे. छोट्या पिंपाची उष्णता बाजूंनी निघून जाते, त्यामुळे खत व्हायला कित्येक महिने लागतात आणि त्यात पडलेल्या बियाही मरत नाहीत. याच कारणाने 'विघटनशील' म्हणून विकले जाणारे पीएलए या वनस्पतीजन्य प्लास्टिकचे पेले घरच्या पिंपात विरघळत नाहीत; त्यांना औद्योगिक खतप्रकल्पातील ६० अंशांच्या जवळपासची उष्णता दीर्घकाळ लागते. मी एक पेला मुद्दाम पुरून ठेवला होता. आठ महिन्यांनी तो बाहेर काढला तेव्हा त्यावरील हिरव्या पानाचे चित्रसुद्धा शाबूत होते.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर कचराभूमीत दाबला गेलेला ओला कचरा हवेविना कुजतो आणि त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनची तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ ते ३० पट असते आणि वीस वर्षांच्या हिशेबात ८० पटींहून अधिक. तरीही खत हा दुसऱ्या क्रमांकाचा उपाय आहे, हे खत करणाऱ्यानेच सांगितलेले बरे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. ग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या अन्नाच्या ते १९ टक्के होते आणि त्यातील ६० टक्के घराघरांतून गेले होते. अन्न पिकवायला, वाहून आणायला आणि थंड ठेवायला जे खर्ची पडले ते पिंपात परत मिळत नाही. तेव्हा महिनाभर पिंपाशेजारी एक वही ठेवा आणि साली-देठांखेरीज, खाता आले असते असे जे जे टाकाल ते लिहून ठेवा. आमच्या घरी ती वही फार बोलकी ठरली.

प्रतिसाद २ : मोजपट्टी

आपल्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे की डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, मोजावे. प्रकाश डोळ्यांना दिसतो म्हणून आपण दिवे विझवत फिरतो. उष्णता दिसत नाही म्हणून ती हिशेबातून सुटते. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.१८ किलोज्यूल ऊर्जा लागते. वीस लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचे तर २,०९० किलोज्यूल, म्हणजे ०.५८ युनिट वीज झाली. तेवढ्याच विजेवर ९ वॉटचा एलईडी दिवा जवळजवळ ६४ तास जळतो. भिंतीला नुसता लावून ठेवलेला चांगल्या प्रतीचा नवा चार्जर ०.१ वॉट किंवा त्याहूनही कमी वीज घेतो, म्हणजे वर्षभरात पाऊण-एक युनिट. चार्जर काढू नये असे मी म्हणत नाही, अवश्य काढावा. पण चार्जर काढणारा माणूस त्याच दिवशी कडकडीत पाण्याखाली दहा मिनिटे जास्त उभा राहिला, तर चार्जरची वर्षभराची बचत तिथेच संपते.

म्हणून माझा क्रम असा आहे: आधी तापवणारी आणि थंड करणारी उपकरणे, मग दिवे, आणि चार्जर सर्वांत शेवटी. कपडे साध्या पाण्यात धुणे, ते दोरीवर वाळवणे आणि स्वयंपाक करताना भांड्यावर झाकण ठेवणे या तीन गोष्टी कोणत्याही दुकानात मिळत नाहीत आणि त्यांची जाहिरातही होत नाही. पंधरा दिवस रोज रात्री ठरावीक वेळी विजेच्या मीटरचा आकडा कागदावर उतरवावा. ज्या दिवशी आकडा उडी मारतो त्या दिवशी घरात काय चालले होते ते आठवले, की पुस्तकी सल्ल्याची गरज उरत नाही.

पाण्याचेही तसेच आहे. आमच्याकडे एक नळ सेकंदाला एक थेंब या गतीने गळत असे आणि 'थेंबच तर आहे' म्हणून आम्ही त्याची सवय करून घेतली होती. एका रात्री दहा वाजता त्याखाली दोन लिटरचे भांडे ठेवले; सकाळी सहाला ते काठोकाठ भरलेले होते. दिवसाला सहा लिटर, वर्षाला सुमारे २,२०० लिटर. नळाचा वायसर बदलायला दहा मिनिटेही लागली नाहीत.

प्रतिसाद ३ : जुनी शिलाई

अकरा पिशव्यांबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे निघाले होते, की एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या तुलनेत सुती पिशवीचा तापमानवाढीवरील भार भरून निघायला ती किमान १३१ वेळा वापरावी लागते. डेन्मार्कच्या २०१८ च्या अभ्यासातील ७,१०० वेळांचा आकडाही आपल्या वाचनात येईल, परंतु तो सर्व प्रकारचे परिणाम धरून काढलेला आहे आणि त्यात ओझोनच्या थरावरील परिणामाने तो फुगला आहे. केवळ हवामानबदलाच्या दृष्टीने त्याच अभ्यासाने सुती पिशवीला ५२ वेळा वापर पुरेसा मानला होता. शिवाय रस्त्यावर आणि समुद्रात पसरणाऱ्या प्लास्टिकची हानी या आकड्यांत धरलेली नाही. त्यामुळे कापडी पिशवी वाईट, असा निष्कर्ष कृपया कोणी काढू नये. दोन पिशव्या दाराच्या खुंटीवर टांगाव्यात, उरलेल्या नऊ ज्यांच्याकडे एकही नाही त्यांना द्याव्यात, आणि वापरातील पिशवीचा बंद तुटला तर तो शिवावा.

हेच कपड्यांना लागू आहे, किंबहुना अधिक. पॉलिस्टरसारख्या कृत्रिम धाग्यांचे कपडे प्रत्येक धुण्यात सूक्ष्म तंतू सोडतात. निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने २०१७ मध्ये वर्तवलेल्या अंदाजानुसार महासागरांत थेट सूक्ष्मकणांच्या रूपात पोहोचणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे ३५ टक्के धुण्यातून येते. पण म्हणून अंगावरचे कृत्रिम कपडे टाकून सुती घेण्यात शहाणपण नाही, कारण सुतासाठी लागणारा कापूसही पुष्कळ पाणी पिऊन वाढतो. आहे तो कपडा गरज असेल तेव्हाच आणि यंत्र पूर्ण भरल्यावर धुवावा. मी ढोपराला ठिगळ लावून वापरलेल्या विजारीचे कौतुक होईल अशी अपेक्षा नाही, पण ती आणखी चार वर्षे टिकली आहे.

प्रतिसाद ४ : संयुग

वरील तिघांनी बरेच सांगितले आहे, म्हणून मी केवळ 'नैसर्गिक' या शब्दापुरते बोलतो, कारण रसायनशास्त्र शिकवताना मला रोज याच शब्दाशी झुंजावे लागते. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून साफसफाई करण्याची कृती सर्वत्र फिरते. दोन्ही एकत्र येताच फेस येतो आणि पाहणाऱ्याला वाटते, काम चालू झाले. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्कली एकमेकांना निष्प्रभ करतात आणि मागे मुख्यतः पाणी व सोडियम ॲसिटेट उरते. वेगवेगळे वापरले तर दोन्ही गुणी आहेत: सोडा तेलकट थर घासायला, व्हिनेगर नळावरील क्षारांचे पांढरे डाग काढायला. मात्र व्हिनेगर ब्लीचमध्ये कदापि मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. ब्लीच आणि अमोनिया यांचेही एकत्र येणे तितकेच घातक आहे.

वनस्पतीतून आले म्हणून निरुपद्रवी, हेही खरे नाही. तंबाखूतील निकोटिन कीटकांप्रमाणेच माणसालाही विषारी आहे. शेवंतीच्या जातीच्या फुलांपासून मिळणारे पायरेथ्रम मधमाश्या आणि मासे यांना मारते. घरात मांजर असेल तर फरशीसाठी सुगंधी तेले वापरताना विशेष जपावे, कारण त्यांतील काही घटकांचा निचरा करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात दुबळी असते. आपण घेतलेल्या द्रावणांवर घटकांची यादी छापलेली नसेल, तर 'नैसर्गिक' या शब्दाला वेष्टनावरील शोभेपलीकडे काही अर्थ आहे असे मला वाटत नाही. बहुतेक फरशांना साधे पाणी आणि थोडासा साबण पुरतो.

प्रतिसाद ५ : मोजपट्टी

संयुग यांच्या शोभेच्या यादीत एक भर घालतो. कुंडीतील झाडे घरातील हवा शुद्ध करतात, हा समज १९८९ च्या नासाच्या प्रयोगावरून पसरला. तो प्रयोग लहान बंदिस्त पेट्यांमध्ये झाला होता. अशा प्रयोगांचा २०१९ मध्ये पुन्हा हिशेब मांडला गेला तेव्हा असे दिसले, की खिडक्या-दारांतून होणाऱ्या वायुविजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान १० आणि काही झाडांच्या बाबतीत १,००० पर्यंत कुंड्या लागतील. झाडे आवडतात म्हणून अवश्य लावावीत. हवेसाठी खिडकी उघडावी.

सावकाश (धागालेखक)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे घेतले, कारण आधी करून पाहायचे ठरवले होते. पिंप रिकामे केले त्या दुपारी शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या, परंतु आता झाकण उघडले की पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो आणि चिलटे जवळजवळ दिसेनाशी झाली आहेत. नऊ पिशव्या वाटून टाकल्या. मीटरचा आकडा ज्या तीन दिवशी उडाला ते तिन्ही दिवस आम्ही पाणी तापवण्याचे यंत्र बंद करायला विसरलो होतो. वहीत मात्र सर्वाधिक नोंदी शीतकपाटाच्या मागच्या कोपऱ्यात विसरलेल्या उरल्यासुरल्या अन्नाच्या निघाल्या. आता जे आधी संपवायचे ते पुढच्या, डोळ्यांसमोरच्या कप्प्यात ठेवतो.

पाचोळा यांना एक शंका विचारायची आहे. कालपासून पिंपातील वरच्या थरावर कापसासारखी पांढरी जाळी दिसते आहे. ती काढून टाकावी का?

प्रतिसाद ६ : पाचोळा

काढू नका. ती बुरशी आहे, आणि पुठ्ठा व काटक्या यांतील चिवट भाग फोडण्याचे काम तीच करते. पुढच्या वेळी खालीवर कराल तेव्हा तिला आत मिसळा आणि हात लावण्यापूर्वी नाकातोंडावर रुमाल बांधा, कारण कोरड्या बुरशीचे बीजाणू श्वासात जाणे चांगले नाही.