आरसी बुक हरवलंय, चेतक विजयपूरला विकायचीय

माझी 1998 ची चेतक स्कूटर, एमएच-13. भवानी पेठेतून जुळे सोलापूरला घर हलवताना आरसी बुक कुठंतरी गेलं. विजयपूरचं गिऱ्हाईक 12,000 द्यायला तयार आहे. म्हणतंय, "स्टॅम्पवर लिहून द्या, बास." देऊ का?

उत्तर: अजिबात नको! आरटीओच्या दप्तरी मालक तुम्हीच राहणार. तिकडं कुणाला धडकली तर नोटीस तुमच्या दारात. आधी पोलिसात हरवल्याची तक्रार, मग फॉर्म 26 भरून डुप्लिकेट आरसी. गाडी कर्नाटकात जाणार म्हणून फॉर्म 28 ची एनओसी, म्हणजे आरटीओचं ना-हरकत पत्र. मालकी गिऱ्हाईकाच्या नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30 त्यानंतर.

दुसरं उत्तर: अहो, 15 वर्षं 2013 लाच संपली की! पुढं पासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, केलंय का? नसेल तर फॉर्म 25 पण लागेल. कर्जाचा बोजा असला तर वेगळीच कटकट.

मूळ प्रश्नकर्ता: बोजा नाही. पासिंग एकदाच केलं, तेही 2018 ला संपलं. काल फॉर्मसाठी चेसिस नंबरचा पेन्सिलनं ठसा घ्यायला बसलो, तर त्यावर ऑइल-मातीचा हा एवढा थर. रॉकेलनं घासला तेव्हा कुठं शेवटचे दोन आकडे दिसले. गिऱ्हाईकाला म्हटलं, थांब जरा. आता म्हणतंय, मग दहाच देतो.