मदत हवी आहे : भेकाच्या विष्ठेतल्या ओपालिना या एकपेशीय परजीवीच्या सिस्ट (कवचबंद अवस्था) कशा ओळखायच्या?

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातला, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतोय. मृगाचा पाऊस पडला की आमच्या हौदाभोवती भेक जमतात. त्यांना मारायचं नाही हे पक्कं, म्हणून ताजी विष्ठा ०.६५ टक्के मिठाच्या पाण्यात कालवून स्लाइडवर बघतो.

पानासारखे चपटे, तोंड नसलेले, एकसारखी बरीच केंद्रकं असलेले जीव दिसले. ते ओपालिनाच, कारण भेकाच्या आतड्यातल्याच निक्टोथेरस या दुसऱ्या एकपेशीय जीवाला तोंड असतं आणि मोठं केंद्रक एकच.

अडचण सिस्टची आहे. भेकांच्या विणीच्या काळात ओपालिना भराभर विभागून लहान होतात, त्यांच्या सिस्ट विष्ठेतून पाण्यात पडतात, बेडूकमाशांनी गिळल्या की आतड्यात उघडतात आणि पुढे युग्मकं (लैंगिक पेशी) तयार होऊन जोड्या जुळतात. परजीवीनं यजमानाच्या विणीशी अशी वेळ साधावी, हे मला फार विलक्षण वाटतं! पण आता स्लाइडवरचं प्रत्येक गोल मला सिस्टच वाटतंय. आयोडीननं केंद्रकं नीट उठत नाहीत. सूक्ष्मदर्शकाचं ऑब्जेक्टिव्ह ४० पटीपर्यंतचंच आहे.

कोणता रंग वापरू? बुरशीचे बीजाणू वेगळे कसे काढू? कुणी हे काम केलं असेल तर लवकर सांगा, पावसानं ओढ दिली तर डबकं आटेल.