घोट्याच्या ऑपरेशननंतर पुन्हा चालायला शिकताना: तुमचे अनुभव

काल शेजारच्या काकूंच्या घोट्यात प्लेट बसली म्हणून त्यांच्या मुलाने कुबड्या मागितल्या. माळ्यावरून काढल्या, पुसल्या. काकूंच्या उंचीला लावून द्याव्यात म्हणून खालची बटणं दाबायला बसले तर दिसलं, डाव्या कुबडीचं रबर एकाच कडेला झिजलंय. सहा वर्षं झाली, पण त्या झिजलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि तळहात दुखल्यासारखा वाटला.

माझे आतला आणि बाहेरचा दोन्ही घोटे मोडले होते. एक प्लेट, आठ स्क्रू, सहा आठवडे पाय टेकवायचा नाही. ते सहा आठवडे गेले कसेतरी. खरं कठीण पुढेच होतं. डॉक्टरांनी एक्सरे बघून सांगितलं, "हाड छान जुळलंय, आता टेकवा." मी वॉकर धरून उभी राहिले आणि पाय टेकवेचना! दुखत नव्हता, कुणी अडवत नव्हतं. पाऊल जमिनीपासून बोटभर वर आणि ते खाली न्यायचं कसं तेच आठवेना. प्लॅस्टरमधून निघालेली पोटरी हातात धरली तर काठीसारखी. त्वचेचे पापुद्रे निघत होते. तो पाय माझा वाटतच नव्हता, आणि हे कुणाला सांगावं तर लोक म्हणायचे, अगं पण हाड जुळलंय ना?

फिजिओताईंनी एक गोष्ट केली. म्हणाल्या, "टाच, तळवा, अंगठा. मोठ्याने म्हणा, त्याच क्रमाने टेकवा." मी घरभर "टाच, तळवा, अंगठा" म्हणत फिरायचे. मुलगी तेव्हा तीन वर्षांची, ती माझ्यामागून तसंच म्हणत चालायची. एक दिवस बेसिनपाशी दात घासताना लक्षात आलं, दोन्ही पायांवर उभी आहे आणि हात कुठेच धरलेला नाही. मी ब्रश तोंडात तसाच ठेवून रडले.

तुमच्यापैकी कोण कोण यातून गेलंय? लिहा ना. काकूंना वाचून दाखवणार आहे.

पायवाट
माझं हाड नाही, टाचेमागची शीर. अकिलीस टेंडन. खेळताना मागून कुणीतरी सणसणीत लाथ मारली असं वाटलं, वळून बघतो तर मागे कुणीच नाही. ज्यांची ज्यांची तुटलीय ते सगळे हेच सांगतात. प्लॅस्टरसारखा आधार देणारा जाड बूट असतो, त्यात टाचेखाली पाचरी घालून देतात आणि दर थोड्या दिवसांनी एकेक काढायची. पाचर निघाली की दोन दिवस परत पहिल्यापासून, परत भीती. मोहम्मद शमीचं बघा, २०२३च्या विश्वचषकात २४ बळी, फेब्रुवारी २०२४ मध्ये टाचेचं ऑपरेशन, आणि स्पर्धेत परत उतरला नोव्हेंबरमध्ये. हाताशी सगळी टीम असलेल्या माणसाला इतके महिने लागतात. मी चौथ्या महिन्यात स्वतःवर चिडायचो ते उगाच.

निळाई
दात घासतानाचं वाचून गलबलून आलं गं. बाकी सवडीने लिहिते, कुकर लावलाय.

कोवळं ऊन
ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. माझा पाचवा आठवडा चालू आहे, गुरुवारी दाखवायला जायचंय. डॉक्टर म्हणालेत आता थोडा थोडा भार सुरू करू. थोडा म्हणजे किती? मला रात्री स्वप्न पडतं की मी पाय टेकवला आणि स्क्रू बाहेर आला.

तीन पायऱ्या
@कोवळं ऊन, आधी त्यांनी किलोमध्ये आकडा सांगेपर्यंत थांबा, प्रत्येकाचा वेगळा असतो. मला १५ सांगितला होता. मग घरातला वजनकाटा घ्यायचा, शेजारी तेवढ्याच उंचीची फळी. चांगला पाय फळीवर, दुखरा काट्यावर, हाताने ओटा धरायचा. हळूहळू दाबत काटा १५ वर आला की थांबायचं आणि डोळे मिटून तो दाब लक्षात ठेवायचा. रोज दहा वेळा. चार दिवसांत पायाला कळतं १५ किलो म्हणजे केवढं. पहिल्या दिवशी मला वाटलं निम्मं वजन टाकलं, काटा ४ दाखवत होता.

स्वप्नाचं म्हणाल तर मलाही पडायचं. प्लेट डॉक्टर म्हणतील तेवढ्या भाराला धरते, तेवढ्यासाठीच ती घातलेली असते.

अधूनमधून
कुबड्यांबद्दल लिहितोच. काखेत दाबून लोंबकळू नका!! आमचे बाबा तसेच चालायचे, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. दोन आठवड्यांनी हाताचं मनगट वर उचलेना. काखेतली नस दबली होती. महिनाभराने सुधारलं, पण तोवर घाबरगुंडी. काख आणि कुबडीच्या गादीमध्ये दोन-तीन बोटं अंतर हवं, कोपर किंचित वाकलेलं, सगळा भार तळहातावर. धागाकर्तीचा तळहात दुखला म्हणजे त्या बरोबर चालत होत्या.

एकच कुबडी किंवा काठी उरली की ती दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात.

निळाई
आले परत. माझं नाही, आईचं. जिन्यासाठी तिला पाठ करून घेतलं होतं, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. ती अजूनही, आता ठणठणीत असून, जिना उतरताना ओठ हलवते. आणि ज्यांना बूट दिलाय त्यांनी दुसऱ्या पायात घरीसुद्धा जाड तळाची चप्पल घाला. बुटामुळे एक पाय उंच होतो, आईची कंबर त्यानेच धरली होती. आम्ही महिनाभर कंबरेला मलम चोळत बसलो.

हिरवा कंदील
गाडी चालवायला कधी सुरू केलीत सगळ्यांनी? माझा उजवा पाय.

तीन पायऱ्या
@हिरवा कंदील, २००३चा एक अभ्यास आहे, उजव्या घोट्याच्या फ्रॅक्चरच्या ऑपरेशननंतर ब्रेक दाबायला लागणारा वेळ पूर्ववत व्हायला साधारण ९ आठवडे लागलेले दिसले. पण कुबडी चालू असेल तर प्रश्नच नाही. डॉक्टरांना विचारूनच. मी १२ आठवडे थांबलो.

हिरवा कंदील
धन्यवाद. बायको म्हणतेच आहे, वर्षभर मीच चालवते.

निळाई
बायकोचं ऐका दादा.

सावली
मी वेगळंच लिहिणार आहे. माझं ऑपरेशन उत्तम झालं, टाके सुकले, आणि घरी पाठवताना मला व्यायामाबद्दल कुणी एक अक्षर सांगितलं नाही. मला वाटलं, चालायला लागलं की आपोआप होईल. चार महिने लंगडत चालले. लंगडणं दुखण्यामुळे नव्हतं, घोटा पुढे वाकतच नव्हता. नंतर फिजिओकडे गेले तर त्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं केलं, पायाचा अंगठा भिंतीपासून थोडा मागे, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा म्हणाले. चांगल्या पायाने अंगठा चार बोटं मागे ठेवून जमत होतं. दुखऱ्याने अंगठा भिंतीला चिकटवूनही गुडघा पोचेना. तेव्हा कळलं काय गमावलं ते. मग टॉवेल चवड्याला अडकवून ओढणं, रबरी पट्टा, हवेत अंगठ्याने बाराखडी काढणं, फरशीवरचा रुमाल बोटांनी गोळा करणं. आठ महिने लागले. अजूनही उकिडवं बसता येत नाही.

कृपा करून तिथल्या तिथे विचारा, व्यायाम कोणते आणि कधीपासून. काकूंना नक्की वाचून दाखवा हे.

पायवाट
सावलीताई, वाईट वाटलं वाचून. पण आठ महिने चिकाटीने केलंत, ते फार मोठं आहे.

एक गोष्ट कुणी लिहिली नाही. चालता यायला लागल्यावरही मी महिनाभर बाहेर काठी नेत होतो. गरज नव्हती, पण काठी दिसली की लोक धक्का न मारता बाजूने जातात. घोट्यापेक्षा मला गर्दीची भीती वाटायची.

घरचा माणूस
बायकोचं मागच्या वर्षी झालं. तिन्ही बाजूंनी मोडला होता. आपण काय करू शकतो हेच मला समजत नव्हतं. ती बाथरूममध्ये स्टुलावर बसून, पायाला प्लॅस्टिक बांधून अंघोळ करायची आणि मी दाराबाहेर उभा. आत बादलीचा आवाज थांबला की माझं काळीज थांबायचं. मी सारखं "धरू का?" विचारायचो. एक दिवस ती म्हणाली, "तुम्ही धरलंत की मी तुमच्यावर भार टाकते, पायावर टाकायचा राहतो." त्यानंतर मी हात मागे बांधून तिच्या शेजारून चालायचो. आयुष्यात एवढं अवघड काम केलं नाही.

आणखी एक, कुबड्या असल्या की हातात काही नेता येत नाही. तिच्या गळ्यात अडकवायला मी एक लांब पट्ट्याची पिशवी शिवून दिली. फोन, झाकणाची बाटली, चष्मा. शिवण शिकलो त्या निमित्ताने.

निळाई
पिशवीचं माप टाका ना! आईला एरवीही उपयोगी पडेल.

घरचा माणूस
वीतभर रुंद, दीड वीत खोल. पट्टा बेंबीच्या वर राहील इतपतच, नाहीतर कुबडीत अडकतो.

(धागाकर्ती)
काकूंना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी काखेचं दोनदा वाचायला लावलं. नवं रबर औषधांच्या दुकानात मिळालं, दोन्ही बदलली. जुनं टाकवलं नाही, ड्रॉवरमध्ये ठेवलंय.

कोवळं ऊन
जाऊन आले. १० किलो सांगितले. काटा आणि फळी, तीन पायऱ्यादादांनी सांगितलं तसंच. ओटा धरून सात वेळा काटा हलला, आठव्यांदा बरोबर १० वर थांबला. घाम फुटला होता. आता पाय खाली सोडला की जांभळट होतो आणि मुंग्या येतात, हे सगळ्यांना होतं का?

तीन पायऱ्या
दहा! शाब्बास. रंग बदलतो बऱ्याच जणांचा, आडवं होऊन पाय छातीच्या वर ठेवला की उतरतो. डॉक्टरांच्या कानावर मात्र घाला. पोटरी गरम लागली, घट्ट झाली, दुखायला लागली किंवा दम लागला तर थांबू नका, त्याच क्षणी दवाखाना. रक्ताची गाठ असू शकते.

कोवळं ऊन
आडवी झालेय. चार उशा. उतरतोय रंग.